नॅनोव्हीएनए-एच: अँटेना घरी बनवणाऱ्यांनी आधी हे घ्यावं

अँटेना स्वतः बनवायची हौस असेल तर महागड्या रेडिओ सेटच्या आधी नॅनोव्हीएनए-एच घ्या, असं मी आता प्रत्येक नवीन हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, सांगतो. हातात मावेल एवढं, २.८ इंची टचस्क्रीनचं व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर, म्हणजे अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जुळलीय ते मोजणारं यंत्र, ५० किलोहर्ट्झ ते ९०० मेगाहर्ट्झ, म्हणजे आपला ४० मीटरचा ७ ते ७.२ मेगाहर्ट्झवाला बँड पण आला आणि १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा २ मीटर पण.

साध्या एसडब्ल्यूआर मीटरला (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते सांगणारा; १ म्हणजे उत्तम) सेटमधून पॉवर सोडावी लागते आणि मग तो एक आकडा दाखवतो, २.५ आला तर आला, आता तार कापायची का वाढवायची ते कळायला मार्ग नाही. इथे अख्खा ग्राफ समोर येतो. डिप, म्हणजे एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी असलेला खड्डा, १३८ मेगाहर्ट्झला आहे आणि आपल्याला १४५ पाहिजे, म्हणजे अँटेना लांब झालीय, कापा. विषय संपला. बारीकसा सिग्नल ते स्वतःच सोडतं, त्यामुळे एएसओसीची (हॅम लायसन्सची) परीक्षा देऊन लायसन्सची वाट बघणाऱ्यांनाही तोवर अँटेना बनवायला शिकता येतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मी २ मीटरसाठी ग्राउंड प्लेन अँटेना केली. केबल जोडायचं एसओ-२३९ सॉकेट, त्याच्या चार भोकांना चार रेडिअल (बाजूंना पसरलेल्या काड्या), मधे उभी काडी, सगळं जाड तांब्याच्या तारेचं. काडी मुद्दाम लांब ठेवलेली, मग थोडी थोडी कापत गेलो आणि प्रत्येक कापाला डिप उजवीकडे सरकत होता, साधारण अडीच सेंटिमीटर गेल्यावर १४५ ला आला. खरी मजा पुढे आहे! रेडिअल आडवे होते तेव्हा रेझिस्टन्स ३६ ओहमच्या आसपास आणि एसडब्ल्यूआर १.४, मग ते हाताने खाली वाकवत गेलो तसतसा स्मिथ चार्टवरचा (इम्पीडन्स दाखवणारा गोल आलेख) ठिपका मधल्या बिंदूकडे यायला लागला आणि ४५ अंशांपाशी जवळपास ५० ओहम, म्हणजे सेट आणि केबलला हवा तेवढा. वाकवल्यावर डिप जरा हलतो, तो परत जुळवावा लागतो. पण वरचा अर्धा भाग इंडक्टिव्ह, खालचा कपॅसिटिव्ह, मधोमध ५० ओहम, हे एकदा असं बघितलं की स्मिथ चार्टची भीती जातेच.

कॅलिब्रेशनचा कंटाळा मात्र करू नका. ओपन, शॉर्ट, लोड (उघडं टोक, जोडलेलं टोक आणि ५० ओहम) हे तिन्ही तुकडे केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला लावून करा, नाहीतर लांब कोॲक्समध्ये (अँटेनाची केबल) सिग्नल वाया जातो त्यामुळे वाईट अँटेना पण छान दिसते. गच्चीवरचा डायपोल (दोन तारांची अँटेना) जोडायच्या आधी कोॲक्सची आतली तार आणि जाळी क्षणभर शॉर्ट करा, साठलेल्या स्टॅटिकने इनपुट जळू शकतो. आणि हे जोडलेलं असताना सेटवरून ट्रान्समिट तर चुकूनही नाही.

उणिवा आहेत. उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही, मेन्यूवर बोट नेमकं बसत नाही, एसएमए कनेक्टर नाजूक आहेत म्हणून एक छोटी पिगटेल (जोडकेबल) कायम लावून ठेवा. ३०० मेगाहर्ट्झच्या वर ते हार्मोनिकवर (मूळ सिग्नलच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सीवर) चालतं, तिथे डायनॅमिक रेंज, म्हणजे बारीक सिग्नल मोजायची ताकद, कमी होते, पण अँटेना जुळवायला तेवढं पुरतं. बाजारात आत शील्डिंग नसलेल्या स्वस्त नकला खूप आहेत, त्यामुळे घ्यायच्या आधी आतला फोटो मागा. डोळ्यांना बारीक अक्षरांचा त्रास होत असेल तर सरळ ४ इंची एच४ घ्या, जास्तीचे पैसे वसूल होतात.