गादीचं माइटरोधक कव्हर: दहा महिन्यांच्या वापरानंतर

उठल्याउठल्या पंधरा-वीस शिंका, नऊ वाजेपर्यंत आपोआप बंद, आणि पावसाळ्यात सगळंच जास्त. असं असेल तर रस्त्यावरच्या धुळीआधी गादीवर संशय घ्या. पण त्वचेवरच्या चाचणीत माइट्सची, म्हणजे गादी-उशीच्या धुळीत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जिवांची अ‍ॅलर्जी निघाली तरच कव्हरवर पैसे घाला. चाचणीआधी अ‍ॅलर्जीची गोळी किती दिवस बंद ठेवायची ते डॉक्टरांना विचारा, नाहीतर निकाल चुकतो.

इलॅस्टिकवालं प्रोटेक्टर कामाचं नाही. सहाही बाजूंनी चेनने बंद होणारं, 10 मायक्रॉनपेक्षा बारीक छिद्रांचं हवं. जाडी मोजून घ्या: सहा इंची गादीवर पाच इंची कव्हर ओढूनताणून चढतं, मग दोन-तीन धुण्यांत कोपऱ्याशी चेन उसवते. चेन संपते तिथली फट कापडी चिकटपट्टीने बंद करावी. प्लॅस्टिकचा थर असलेलं कव्हर पुण्याच्या एप्रिलमध्ये पाठीला चिकटतं आणि कूस बदलली की खसखसतं. घट्ट विणीचं मायक्रोफायबर बरं. उशीला आधी घाला, नाक तिथंच असतं.

नुसत्या कव्हरने भागत नाही. 2003 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत एकट्या कव्हरने दम्यात किंवा नाकाच्या अ‍ॅलर्जीत ठळक फरक पडला नव्हता. गादी बंद, पण अंगावर वर्षभर न धुतलेली गोधडी, मग काय होणार! चादरी-अभ्रे दर आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुवा. गार पाण्याने अ‍ॅलर्जन (अ‍ॅलर्जी आणणारं द्रव्य) बरंचसं निघून जातं, माइट्स मरत नाहीत. मशीनला हीटर नसेल तर गीझरचं कडकडीत पाणी बादलीत घेऊन भिजवा. गोधडी मात्र पावसाळ्यात धुऊ नका. आतून ओलसर राहते आणि बुरशीचा वास धरते. तेव्हा सोलापुरी चादर वापरा, ती वाळते तरी.

खोलीतली आर्द्रता 50 टक्क्यांखाली गेली की माइट्स तग धरत नाहीत. पुण्यात जुलैत ते जमणं कठीण. एसी ड्राय मोडवर ठेवला तर आकडा थोडा उतरतो, खिडकी उघडली की पुन्हा चढतो. खरा फरक नोव्हेंबरनंतरच कळतो. डॉक्टरांनी दिलेला नाकातला स्प्रे तोवर सोडू नका.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शिंका दिवसभर राहिल्या तर कव्हरला दोष देऊ नका. तेव्हा मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत फुललेलं असतं, त्याच्या परागांनीही शिंका येतात. त्या दिवसांत धुतलेले अभ्रे गॅलरीत नाही, घरात पंख्याखाली वाळवा.