गप्प झालेला एलएसडी: क्लच प्लेटा बदलल्यानंतरचे नऊ महिने

आधी निकाल सांगतो, रडगाणं नंतर. मागच्या एक्सलमधल्या लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलच्या, म्हणजे एलएसडीच्या, क्लच प्लेटा आणि स्प्रिंग बदलून नऊ महिने झाले. (एक चाक घसरू लागलं तरी दुसऱ्यालाही जोर मिळावा म्हणून एलएसडी असतो. स्प्रिंग प्लेटा दाबून धरते आणि त्यांच्या पकडीने दोन्ही चाकं जोडलेली राहतात.) गाडी तेवढ्यात ११,००० किलोमीटर धावली. काम केल्याचं समाधान आहे. वाईट वाटतं ते एवढंच, की त्याआधीचे चार महिने मी भलत्याच लक्षणामागे लागलो होतो.

पिकअप जुनी घेतली होती. हळू वेगात स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मागून थरथर यायची, अगदी सीटपर्यंत जाणवेल अशी. ज्याला विचारावं तो म्हणे, ‘एलएसडी गेला.’ मी ऑइल बदललं आणि सोबत फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे प्लेटा झटके न देता घसराव्यात म्हणून ऑइलमध्ये मिसळायचं द्रव्य, ओतलं. मॅन्युअलमध्ये साधारण १२० मिलिलिटर लिहिलं होतं. थरथर पुन्हा ऐकूच येऊ नये म्हणून मी शहाणपणाने दुप्पट घातलं. आवाज गायब! पुढच्याच महिन्यात ओल्या गवताच्या चढावर एक चाक गरगर फिरत होतं आणि दुसरं ढिम्म उभं होतं.

तेव्हा कुठे नीट विचार केला. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून आतल्या प्लेटा एकमेकींवर घसरायलाच हव्यात. ऑइल जुनं झालं किंवा त्यात मॉडिफायर नसेल तर त्या सरळ घसरत नाहीत. पकडतात, सुटतात, पुन्हा पकडतात. थरथर ती हीच. पण थरथरायला आधी पकड तर हवी! प्लेटा पार झिजल्या की एलएसडी चाकांमध्ये पकड नसलेल्या साध्या डिफरन्शियलसारखा वागतो, आणि साधा डिफरन्शियल वळणावर कुरकुर करत नाही. म्हणजे माझी थरथर ही मुख्यतः ऑइलची तक्रार होती आणि झीज मुकाट्याने बाजूला चालू होती. वर जास्तीच्या मॉडिफायरने उरलीसुरली पकडही निसरडी केली. सतत चढत जाणारी घरघर बहुधा बेअरिंगची असते. ॲक्सिलरेटर दाबल्या-सोडल्यावर सूर बदलणारी शीळ आली तर संशय क्राऊन-पिनियनवर, म्हणजे इंजिनचा जोर एक्सलकडे वळवणाऱ्या गिअरच्या जोडीवर, घ्यायचा. प्लेटांच्या झिजेत यातलं काहीच ऐकू येत नाही.

सगळे सांगतात ती पहिली चाचणी मीही केली. मागची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घेतली, पुढच्या चाकांना ठोकळे लावले, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. एक चाक हाताने फिरवलं. दुसरंही त्याच दिशेने फिरलं, म्हणून मी एलएसडी शाबूत आहे असं ठरवलं. इथेच फसलो. अधांतरी चाक फिरवायला फारशी ताकद लागतच नाही, त्यामुळे मरायला टेकलेल्या प्लेटाही ही परीक्षा पास होतात. चाकं उलट दिशांना फिरली तर प्लेटवाल्या एलएसडीची पकड संपली असं म्हणता येतं. सारख्या दिशेने फिरली म्हणून मात्र काहीच सिद्ध होत नाही. शिवाय तुमच्या गाडीत कोणता प्रकार आहे ते आधी बघा. हेलिकल गिअरच्या टॉर्सनसारख्या प्रकारात चाकं उलट फिरणं नॉर्मल असू शकतं. ईटन कंपनीच्या ‘जी८०’ सारख्या लॉकरमध्येही (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा प्रकार) तसंच, कारण तो दोन चाकांच्या वेगात मोठा फरक पडल्यावरच लॉक होतो.

खरी चाचणी टॉर्क रेंचची, म्हणजे फिरवायला लागणारा जोर मोजणाऱ्या पान्याची. मागचं एकच चाक उचलायचं, दुसरं जमिनीवर ठेवायचं. बाकी तयारी वरच्यासारखीच. उचललेलं चाक काढून हबच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) बोल्टांवर मधोमध नट वेल्ड केलेली पट्टी बसवायची आणि रेंचने हब फिरवून किती जोर लागतो ते वाचायचं. क्लिकवाला रेंच इथे वैताग देतो, काट्याचा बरा. माझ्या मॅन्युअलमध्ये वापरलेल्या प्लेटांसाठी किमान २७ न्यूटन मीटर होते. मला मिळाले ११. जास्तीच्या मॉडिफायरचा दोष असेल म्हणून ऑइल पुन्हा काढलं आणि मापातच मॉडिफायर घालून १६ पर्यंत पोहोचलो. तेव्हा उघडायचं ठरवलं. (एक चाक उचललेलं असताना इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही. एलएसडी जमिनीवरच्या चाकाला जोर देतो आणि गाडी जॅकवरून उडी मारते. कोणी ‘दोन मिनिटांत बघू’ म्हणालं तरी नाही.)

ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा लगदा होता. तेवढा असायचाच. धातूच्या सळ्या-कपच्या नव्हत्या, म्हणजे गिअर ठीक होते. आत मात्र स्टीलच्या प्लेटांवर निळे जळके डाग होते. अस्तराच्या प्लेटा काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या आणि स्प्रिंगही नव्या स्प्रिंगशेजारी ठेवल्यावर दबून आखूड झालेली दिसली. कारणही सापडलं. मागची दोन टायर वेगळ्या झिजेची होती, एकाचा व्यास उघड कमी. सरळ रस्त्यावरही प्लेटा सतत घासत राहिल्या असणार. आता मागची टायर जोडीनेच बदलतो.

नव्या प्लेटा बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजवून ठेवल्या, जाडी मोजून शिम, म्हणजे फट भरणाऱ्या पातळ चकत्या, लावल्या. बंद केल्यावर मोकळ्या जागेत हळू वेगाने इंग्रजी आठाच्या आकाराचे वीसेक फेरे मारले, म्हणजे ऑइल प्लेटांच्या मध्ये शिरतं. पहिले ४०० किलोमीटर थोडी कुरकुर राहिली, नंतर थांबली. १,००० ला ऑइल बदललं. ते काळपट निघालं, पण त्यात चुरा नव्हता.

आता वापराचं. चिखलात आणि सैल खडीच्या चढावर फरक इतका आहे की पहिल्या आठवड्यात मी मुद्दाम वाईट रस्ते शोधत होतो. पण चमत्काराची अपेक्षा नको. एक चाक पूर्ण हवेत लटकलं तर दुसऱ्याला मिळतो तो प्रामुख्याने स्प्रिंगच्या दाबापुरता जोर. अशा वेळी ब्रेक हलका दाबून धरला की लटकलेल्या चाकाला अडथळा होतो आणि दुसरं ओढू लागतं. ही युक्ती दोनदा कामाला आली.

एक तोटा मात्र खराच. रिकाम्या पिकअपचं मागचं वजन हलकं असतं. ओल्या वळणावर जरा जास्त ॲक्सिलरेटर दिला तर आता दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि मागची बाजू बाहेर जाऊ बघते. आधी एकच चाक फिरून वाया जायचं, गाडी रेषेत राहायची. पहिल्यांदा हे झालं तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं. पावसात आता पाय आवरता ठेवतो.

बसवल्या दिवशी रेंचवर ६८ न्यूटन मीटर आले होते, परवा मोजले तर ६१. ऑइल ठरल्या अंतरावर बदलतो आणि मॉडिफायर मोजूनच घालतो. ती हबची पट्टी टूलबॉक्समध्ये ठेवली आहे, पुढच्या ऑइलच्या वेळी पुन्हा मोजणार.