व्यक्तिमत्त्व चाचणीची 'योग्य उत्तरं' विकत घेतली आणि २२,९४९ रुपये घालवले

१,४९९, मग २,९५०, मग ६,५००, शेवटी १२,०००. एकूण २२,९४९ रुपये. अकरा दिवसांत चार वेळा मी स्वतःच्या हाताने यूपीआयचा पिन टाकला. लिहिताना लाज वाटते. पण मी गप्प बसले तर तीच माणसं उद्या आणखी कुणाला तरी फोन करतील.

खानदेशातल्या एका शहरात राहते. लग्नाआधी चार वर्षं सीएच्या ऑफिसात होते. टॅली, जीएसटी रिटर्न, टीडीएस सगळं बघायचे. मग मुलगा झाला, सासऱ्यांचं आजारपण निघालं आणि सहा वर्षं घरात गेली. यंदा मुलगा पहिलीत गेला तेव्हा जॉब पोर्टलवरचं प्रोफाइल परत चालू केलं. तिसऱ्या दिवशी फोन आला. मोठ्या कंपनीचं नाव, घरून काम, अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, महिना २८,०००. बोलणं स्वच्छ मराठीत. माझा बायोडेटा त्याच्यापुढे उघडा होता. "मॅडम, गॅपचं टेन्शन घेऊ नका. आमच्याकडे आधी ऑनलाइन स्क्रीनिंग असतं, त्यात पास झालात की गॅप कोणी विचारत नाही." सहा वर्षांत मला असं कोणीच म्हणालं नव्हतं.

नंतर नातेवाइकांनी 'लोभ नडला' म्हणून ऐकवलं. कसला लोभ? मी दुप्पट पैसे मागितले नव्हते. जे काम मला येतं त्याचा साधा पगार होता तो.

स्क्रीनिंग म्हणजे १२० वाक्यांची प्रश्नावली, वेळ ४० मिनिटं, 'पूर्ण सहमत' पासून 'पूर्ण असहमत' पर्यंत पाच पर्याय. तयारीचं किट १,४९९ रुपयांना. पैसे भरताना मला खटकलं नाही, कारण ॲमकॅटसारख्या नोकरीसाठीच्या चाचणी परीक्षेला उमेदवार स्वतः फी भरतात हे मला माहीत होतं, भाचीनेही भरली होती. पण तिथे आपण आपल्या मर्जीने परीक्षा देतो आणि तो स्कोअर आपला असतो. एखादी कंपनी तिच्या नोकरीसाठी चाचणी घेते तेव्हा खर्च कंपनीचा असतो. हा फरक मला तेव्हा कुणी सांगितला असता तर!

किट म्हणजे ३४ पानांची पीडीएफ. प्रत्येक वाक्यापुढे 'योग्य उत्तर'. चौदावं वाक्य: 'मी आयुष्यात कधीही खोटं बोललेलो नाही.' योग्य उत्तर, पूर्ण सहमत. रात्री भांडी आवरून, मुलाच्या चाररेघी वहीत आकडे घालून मी हे तीन रात्री पाठ केलं. चौदा पूर्ण सहमत, पंधरा असहमत, सोळा पूर्ण सहमत.

माणसाच्या स्वभावाला योग्य उत्तर असतं का? खऱ्या प्रश्नावलीत अशी वाक्यं मुद्दाम पेरलेली असतात. 'मी कधीच खोटं बोललो नाही' याला जो छातीठोक हो म्हणतो, तो स्वतःला रंगवून दाखवतोय हे त्यातून पकडतात. एकच गोष्ट पुढे उलटी फिरवून परत विचारतात, उत्तरं जुळतात का ते बघायला. एसएचएल या चाचण्या बनवणाऱ्या कंपनीच्या ओपीक्यू या स्वभावाच्या प्रश्नावलीत तर तीन-तीन वाक्यांचे १०४ गट असतात. त्यातलं आपल्याला सर्वांत जास्त लागू कोणतं आणि सर्वांत कमी कोणतं, ते निवडायचं. पाठ काय करणार त्यात? आणि त्यांच्या साइटवर सरावाच्या चाचण्या फुकट आहेत. हे सगळं मी पैसे गेल्यावर वाचलं. प्रामाणिक माणूस शोधणारी कंपनी स्वतःच्या चाचणीची उत्तरं १,४९९ रुपयांना कशी विकेल, एवढा एक प्रश्न मला पडला नाही.

पण खरा क्षण त्याच्या पुढचा. तो आठवला की अजून रात्री जाग येते. चाचणीच्या दिवशी ९७ प्रश्न झाले आणि लाईट गेली. वायफाय बंद. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडेपर्यंत वेळ संपली. २३ प्रश्न कोरे. मी रडकुंडीला आले. चार मिनिटांत मेल आला: ९२ टक्के, 'हायली सुटेबल'. सगळी उत्तरं त्यांच्या हिशोबाने बरोबर धरली तरी १२० पैकी ९७ म्हणजे ८१ टक्केसुद्धा होत नाहीत. मी, जी दुसऱ्याच्या बॅलन्स शीटमधला एका रुपयाचा फरक शोधत रात्री आठपर्यंत थांबायची, तिने हा भागाकार केला नाही. देवापुढे साखर ठेवली आणि आईला फोन लावला.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. नोंदणी २,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचे ६,५००, लॅपटॉपचं डिपॉझिट १२,००० 'रिफंडेबल'. हा शब्द नोकरी देणाऱ्याच्या तोंडी आला की फोन ठेवा. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, त्यांच्या पावतीवर चौदाच होती. यूपीआयवर कंपनीचं नाही, एका माणसाचं नाव दिसलं. विचारलं तर म्हणे फायनान्स मॅनेजरचं खातं. मेलचा पत्ता जीमेलचा. ते १२,००० माझ्या भिशीचे होते.

लॅपटॉप आला नाही, नंबर बंद झाला. वाट बघण्यात मी पूर्ण एक दिवस घालवला. तुमचे पैसे आज गेले असतील तर हे वाचत बसू नका, आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तरच काही हाती लागतं. चॅटचे स्क्रीनशॉट लगेच काढा, त्यांनी समोरून मेसेज पुसायला सुरुवात केली तेव्हा माझे निम्मे मेसेज गेले होते.

माझा फोन तिसऱ्या खेपेला लागला. तक्रार क्रमांक मिळाला. बँकेत गेले तर "पिन तुम्हीच टाकला ना?" हे चार लोकांसमोर मोठ्याने. हो, मीच टाकला. पण पैसे ज्या तीन खात्यांत गेले ती कुणाच्या तरी केवायसीवरच उघडलेली आहेत ना? ते विचारायला कोणी तयार नाही. पोलीस ठाण्यात म्हणाले सायबर पोलिसांकडे जा. सायबरवाले म्हणाले रक्कम लहान आहे, तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात द्या. परत ठाण्यात गेले तर साहेब बंदोबस्ताला. मुलाला शेजारी ठेवून मी पाच चकरा मारल्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे वाचून गेले आणि बोलून दाखवलं, तर उत्तर आलं, "मग तपासपण तुम्हीच करा." शिवाय "शिकलेल्या बाई तुम्ही" हे प्रत्येक टेबलावर. शिकलेली आहे म्हणून माझी तक्रार नोंदवायची नाही का? बँक स्टेटमेंट शिक्क्यासह आणा, मग स्क्रीनशॉटच्या प्रिंट रंगीत आणा, मग ते स्क्रीनशॉट खरे असल्याचं प्रमाणपत्र आणा. एकदाच सगळी यादी द्यायला काय होतं? चोराने माझ्याशी अकरा दिवस आदराने बोलून पैसे नेले, आणि ज्यांच्याकडे दाद मागायला गेले त्यांनी बसायला खुर्ची दिली नाही. हे मला पैशांपेक्षा जास्त लागलं आहे.

एका खात्यात ३,१५० रुपये गोठवले आहेत असं कळलं. बाकीचे कुठे आहेत ते कोणी सांगत नाही. सायबर तक्रारीच्या पोर्टलवर स्थिती महिनाभर एकच: 'प्रक्रियेत'. फोन आलेला नंबर सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर 'चक्षू' या संशयित कॉल कळवायच्या सोयीत टाकला आहे, तुम्हीही टाका. पैसे गेले नसतील तर नक्की टाका.

घरात लपवू नका. ६,५०० भरल्यावर मी नवऱ्याला सांगितलं असतं तर १२,००० वाचले असते. तो रागावला नाही, एवढंच म्हणाला, "मला आधी का नाही विचारलंस?"

गुरुवारी परत ठाण्यात बोलावलं आहे. स्टेटमेंट, प्रिंट, प्रमाणपत्र एका फायलीत लावलं आहे. ती चाररेघी वहीही नेणार आहे. एकपासून एकशेवीसपर्यंतची उत्तरं माझ्या अक्षरात आहेत तिच्यात.