व्हॅक्यूम बॅग: हवा निघते, ओल राहते

मुंबईच्या घरात आवराआवर काढली की सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेली सापडतात ती अंथरूण-पांघरुणं. रजया, ब्लँकेटं, पाहुण्यांच्या उशा, पोरांचे लहान झालेले स्वेटर. वर्षातले अकरा महिने लागत नाहीत, पण टाकवतही नाहीत. म्हणून हवा काढून चपट्या करायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, म्हणजे व्हॅक्यूम बॅगा, इथे घरोघरी दिसतात. आमचं मत आधीच सांगून टाकतो: पॉलिस्टरच्या रजया, फायबरच्या उशा आणि ॲक्रिलिकचे स्वेटर यांच्यासाठी जरूर घ्या. गोधडी, कापसाची गादी, पैठणी, फोम आणि चामडं यांच्यासाठी घेऊ नका. ही पिशवी हवा काढते, ओल काढत नाही, आणि मुंबईत कपड्यांची वाट लावते ती ओल.

कापूस हवेतलं पाणी धरून ठेवतो. वस्त्रोद्योगात कापसाची ओलाव्याची प्रमाण पातळी कोरड्या वजनाच्या ८.५ टक्के धरतात, पॉलिस्टरची अवघी ०.४ टक्के. आता हिशेब करा. जुन्या सुती साड्यांची तीन किलोची गोधडी हाताला कोरडी ठणठणीत लागते तेव्हाही तिच्यात साधारण २३५ ग्रॅम, म्हणजे पेलाभर पाणी असतं. दोन किलोच्या पॉलिस्टर रजईत ते जेमतेम आठ ग्रॅम. पावसाळ्यात गोधडीतला आकडा आणखी चढतो. हे पेलाभर पाणी पिशवीत बंद झालं की त्याला बाहेर जायला वाट नाही. पंपाने सगळी हवा कधीच निघत नाही. जी उरते ती बुरशीला पुरते. जुलैत माळ्यावरून काढलेल्या पिशवीत काळे-हिरवे ठिपके दिसतात आणि दोष पिशवीला दिला जातो, पण ते पाणी भरतानाच आत गेलेलं असतं.

कधी भरायचं, हेही त्यावरच ठरतं. मुंबईत पाऊस सुरू होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि परतण्याची ८ ऑक्टोबर. नवरात्र-दिवाळीची साफसफाई येते ती नेमकी या चार महिन्यांच्या शेपटाला, कपाटातलं सुती कापड सर्वांत जास्त ओल पिऊन बसलेलं असताना. दसऱ्याला माळा झाडा, भांडी घासा, पण पिशव्या भरायची घाई करू नका. थंडीचे दिवस आणि फेब्रुवारी अखेर हा काळ उत्तम. गुढीपाडव्याच्या आवराआवरीत भरलं तर पाऊस यायच्या आत एकदा उघडून बघताही येतं.

वस्तू वाळली की नाही हे हाताला कळत नाही. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा असतो, त्याला रजई अडकवून वजन लिहून ठेवा. दिवसभर ऊन, रात्री पंख्याखाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन. घटलं असेल तर अजून वाळतेय. दोन दिवस वजन तेच राहिलं की भरा. उन्हातून काढलेली किंवा इस्त्री केलेली वस्तू गरम असताना कधीही भरू नका. थंड होताना आतली वाफ प्लॅस्टिकला दव होऊन चिकटते. चार-पाच तास घरात थंड होऊ द्या.

विकत घेताना संचावरचा पिशव्यांचा आकडा फसवतो. सहाच्या संचात ४०×६० सेंटिमीटरच्या तीन असल्या, तर तिन्ही मिळून क्षेत्रफळ ७,२०० चौरस सेंटिमीटर भरतं. ८०×१०० ची एकटी पिशवी ८,००० ची. डबल बेडची रजई ४०×६० मध्ये कोंबूनही जात नाही. तिला ८०×१०० किंवा ७०×१०० च लागते. लहान पिशव्यांत उशीच्या खोळी आणि टोप्या-मोजे जातात, पण त्यांना हवा काढायची गरजच नसते. म्हणून मोठ्या आकाराच्या सुट्या पिशव्या घ्या, जास्त पडल्या तरी वसूल होतात.

जाडीची खात्री घरच्या वजनकाट्यावर करता येते. ८०×१०० च्या पिशवीच्या दोन्ही बाजू मिळून १.६ चौरस मीटर फिल्म लागते. फिल्म ८० मायक्रॉनची असेल तर तिचंच वजन १२० ते १३० ग्रॅम. झिप आणि हवा काढायची झडप धरूनही पिशवी शंभराच्या आत भरली, तर वेष्टनावर काहीही छापलेलं असो, फिल्म पातळ आहे आणि घडीच्या कोपऱ्यावर ती भोक पाडून घेणार. वेष्टनावर पीए आणि पीई अशी दोन अक्षरं शोधा. पीए म्हणजे नायलॉन, तो हवा अडवतो. पीई म्हणजे पॉलिथिन, ते वितळून कडा जोडतं. नुसत्या पॉलिथिनच्या पिशवीतून हवा हळूहळू परत शिरतेच. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत पिशव्या सुट्या मिळाल्या तर हातात घेऊन बघा. झिप दुहेरी हवी आणि झडपेच्या टोपणाखालची रबराची चकती सपाट बसलेली हवी. चकती वाकडी असेल तर ती पिशवी परत ठेवा.

पहिली चाचणी रिकाम्या पिशवीची. झिप लावा, हवा काढा, रात्रभर ठेवा. सकाळी तशीच चिकटलेली असेल तर पिशवी ठीक. फुगली असेल तर हे रजई भरण्याआधी कळलं, म्हणजे बदलून घेता येईल. हा एवढा खटाटोप फारसं कुणी करत नाही आणि मग महिन्याभराने फुगलेल्या पिशव्यांमुळे पेटीचं झाकण लागत नाही.

भरताना वस्तू आधी धुतलेल्या जुन्या सुती चादरीत गुंडाळा. चादरही तितकीच कोरडी हवी. स्वेटरची बटणं, चेनी, ब्लाउजचे हूक आतल्या बाजूला घ्या, कारण फिल्म आतूनच फाटते. पिशवी भरण्याच्या रेषेपर्यंतच भरा. रेषा छापलेली नसेल तर झिपपासून चार बोटं मोकळी सोडा. झिपच्या खाचेतून कोरडं फडकं फिरवा. एक केस, एक लोकरीचा धागा खाचेत राहिला तरी हवा तिथूनच शिरते, आणि पिशवी फुगण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. मग झिपवरची सरकती क्लिप एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. शेवटी बोटांच्या चिमटीत पूर्ण झिप दाबत जा.

हवा काढायला सोबत हातपंप येतो. मोठ्या पिशवीला पाच-दहा मिनिटं लागतात आणि दंड भरून येतो, पण काम होतं. घरात व्हॅक्यूम क्लीनर असेल तर ब्रश काढून नळीचं उघडं तोंड झडपेवर सपाट टेकवा. नळी झडपेपेक्षा बारीक किंवा तिरक्या तोंडाची असेल तर बाजूने हवा ओढत राहते आणि पिशवी हलत नाही. एका वेळी अर्धा ते एक मिनिट, त्याहून जास्त नको. हवेची वाट बंद असताना मोटार गरम होते. हवा निघत असताना पिशवी तळव्यांनी सपाट दाबत राहा. नाहीतर शेवटी दगडासारखा वेडावाकडा गठ्ठा तयार होतो, जो बेडखाली दोन पिशव्यांची जागा खातो. दडस झाली की थांबा. रजईचा पापड करायला गेलात तर तंतू मोडतात.

चोवीस तासांनी हात लावून बघा. सैल झाली असेल तर झिप उघडून खाच पुसून पुन्हा लावा. तरीही सैल होत असेल तर रिकामी करून थोडी फुगवा आणि कडा, कोपरे, झडप पाण्याच्या बादलीत एकेक करून दाबा. बुडबुडे येतील तिथे भोक. कोरडं करून बाहेरून रुंद चिकटपट्टी लावली की टाचणीएवढं भोक बुजतं. झडपच गळत असेल तर पिशवी रद्दीत.

आता ठेवायची कुठे. जुन्या इमारतींत माळा असतो, नव्या टॉवरमध्ये बहुतेक नसतो. बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली सोडून पुनर्विकासातल्या ५०० चौरस फुटांच्या घरात जाताना जागा तिपटीने वाढते, पण माळ्यावर जे होतं ते सगळं बेडच्या पोटात जातं. हायड्रॉलिक बेडच्या आतली खोली बहुधा दहा-बारा इंच असते. सपाट दाबलेली रजई चार-पाच इंच, म्हणजे दोन थर आरामात. तिसरा थर कोंबलात तर फळी पिशवीच्या झडपेवर टेकते आणि टोपण निघतं. झडप नेहमी वरच्या बाजूला, आणि वरच्या पिशवीचा भार खालच्या पिशवीच्या झडपेवर येणार नाही अशी.

माळ्यावर ठेवायची असेल तर एक गोष्ट विसरू नका: आकार कमी होतो, वजन नाही. पूर्वी जिथे दोन रजया मावत होत्या तिथे आता सहा जातात, आणि प्लायवुडचा माळा दोनसाठीच ठोकलेला असतो. पत्र्याच्या छताखालच्या किंवा शेवटच्या मजल्यावरच्या माळ्यावर मे महिन्यात इतकं तापतं की झिप सैल पडते; तिथे पिशवी ठेवूच नका. तळमजल्यावर आणि चाळीत उंदीर प्लॅस्टिक सहज कुरतडतात, म्हणून पिशवी पत्र्याच्या पेटीत ठेवून पेटीखाली लाकडाच्या दोन पट्ट्या टाका, नाहीतर पेटीचा तळ गंजतो. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून, म्हणजे पश्चिम-दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतींवर बसतो. त्या भिंतीला बेड किंवा कपाट चिकटलेलं असेल तर दोन-तीन इंच पुढे ओढा. त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि फायदा कुठल्याही पिशवीपेक्षा मोठा.

डांबराच्या गोळ्या पिशवीत टाकू नका. बंद पिशवीत तो वास कापडात मुरतो आणि महिनाभर उन्हात टाकूनही जात नाही. बाळाच्या कपड्यांच्या बाबतीत तर हे धोक्याचं आहे: तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या तान्ह्या मुलांमध्ये डांबरगोळीतल्या नॅप्थलीनने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात, आणि अशी कमतरता बऱ्याचदा आधी माहीतही नसते. वेखंडाचे तुकडे मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवा, आपल्याकडे रेशमाला तेच ठेवत आले आहेत. सिलिका जेलच्या पुड्या चालतात, पण पाच ग्रॅमची पुडी पेलाभर पाण्यापुढे काहीच नाही. ती वाळवण्याच्या ऐवजी नव्हे, वाळवल्यानंतर.

पैठणी आणि जरीच्या साड्या दाबल्या की घडीवर जर मोडते आणि पुढे तिथेच रेशीम चिरतं. त्या मलमलमध्ये, मोकळ्या, दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलून. फोमची उशी फार काळ दबून राहिली की पूर्ववत फुगत नाही. चामड्याच्या जॅकेटला भेगा आणि बुरशी दोन्ही. पिसांची रजईही नको. गोधड्यांना जुन्या धुतलेल्या साडीचं बोचकं हेच उत्तम: हवा खेळते, आणि दर ऊन पडलेल्या रविवारी सोडून वाळत घालता येतं. दुकानात मिळणारी न विणलेल्या कापडाची चेनवाली कव्हरं उजेडात ठेवली तर दोन-तीन वर्षांत भुगा होतात. बंद कपाटात मात्र साड्यांना चांगली. पॉलिस्टरची रजईसुद्धा सहा महिन्यांवर दबलेली ठेवू नका. काढल्यावर झटकून दोन-तीन तास उन्हात टाकली की ती पूर्ववत फुगते. वर्षानुवर्षं दाबलेली फुगत नाही.

आणि पिशव्या मागवण्याआधी मोजणी. हॉलमध्ये जमिनीवर जास्तीत जास्त किती माणसं झोपू शकतात? तीन असतील तर पाहुण्यांसाठी तीन रजया, तीन उशा, आणि धुण्यासाठी म्हणून एक जादा. बाकीचं पिशवीत भरून ठेवायचं कारण उरत नाही. धड असलेले कपडे आणि चादरी बोहारणीला द्या, भांडं मिळेल. फाटक्या सुती चादरींची पुसणी करा. गाठी झालेल्या जुन्या उशा कुणी घेत नाही, त्या सुक्या कचऱ्यात. जे उरेल त्याच्या प्रत्येक पिशवीवर चिकटपट्टी लावून आत काय आहे आणि भरल्याचा महिना लिहा. मार्करने थेट फिल्मवर लिहिलेलं बोटाने पुसलं जातं.