पानं कुरतडलेली चालत असतील तरच जा

मुलुंड पूर्वेला आमच्या शेजारच्या सोसायटीच्या मागच्या आवारात महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी देशी झाडांच्या गटाची रोपवाटणी असते. पावती नाही, भाव नाही. एक रोप किंवा मूठभर बी द्यायचं, एक रोप घ्यायचं. हात हलवत गेलात तर मातीचे वीस रुपये. मी जूनपासून जातेय.

पहिल्या दिवशी मी गुलाब मागितला. तिथला मुलगा म्हणाला, "काकू, गॅलरीत ऊन येतं? मग ही न्या." आणि दुधाच्या पिशवीत लावलेली रुई हातात ठेवली. शनिवारी मारुतीला वाहतो तीच रुई! लिफ्टमध्ये शेजारीण म्हणाली, "अहो, ही तर गटाराकडेला उगवते."

ऑगस्टमध्ये तिच्यावर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या आल्या. मी कडुनिंबाचं तेल फवारायच्या बेतात होते. गटावर फोटो टाकला, तर पाच मिनिटांत तिघांनी थांबवलं. म्हणे प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या आहेत. रुईची विषारी पानं खाऊन त्या इतक्या कडू होतात की पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. आठवड्यात झाड बोडकं झालं. एक कोश ग्रिलला लटकला, म्हणून दहा दिवस ह्यांना त्या बाजूला टॉवेल वाळत घालू दिला नाही. फुलपाखरू बाहेर आलं तेव्हा मी नेमकी पाणी भरत होते. रिकामं टरफल तेवढं बघितलं. रुईला मात्र महिन्याभरात पुन्हा पालवी आली.

आता तक्रारी. रुईच्या चिकाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. पान तोडलेल्या हाताने डोळा पुसला आणि दिवसभर सगळं धुरकट. शेवटी डॉक्टर गाठावा लागला. घरात लहान मूल असेल तर हे रोप देण्याआधीच सांगायला हवं. दुसरं, नावाच्या चिठ्ठ्या शाईच्या, पहिल्याच सरीत धुऊन जातात. निर्गुडी म्हणून आणलेला माझा अडुळसा निघाला.

शिवाय एक गृहस्थ फार कट्टर. माझी सदाफुली मादागास्करची, ती काढा म्हणाले. मी विचारलं, झेंडू मेक्सिकोचा, मग दसऱ्याला दाराला काय बांधू? गप्प बसले. सदाफुली आहे तिथेच आहे.

शोभेची बाग हवी असेल तर सरळ नर्सरीत जा. इथे जायचं तर साडेआठच्या आत पोचा, कढीपत्त्याची रोपं पहिल्यांदा संपतात. त्यावर कॉमन मॉरमॉन फुलपाखरू अंडी घालतं. त्याची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, झटकून टाकू नका. कॉमन रोझ फुलपाखरासाठी मी सापसंदेचा वेल मागून ठेवलाय. यादीत माझा नंबर अकरावा.