टॉरंटवरून थेट व्हिडिओ पाहण्याचा अनुभव: वेग भरपूर, तरी चित्र अडते

माझ्या इंटरनेट पुरवठादाराने कोणतीही पूर्वसूचना न देता जोडणी सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता देणाऱ्या व्यवस्थेमागे) नेली आणि तोवर बहुतांशी सुरळीत चालणारे टॉरंट स्ट्रीमिंग, म्हणजे वापरकर्त्यांनी एकमेकांना तुकड्यातुकड्यांनी दिलेली फाइल उतरता उतरताच पाहणे, लगेचच अडखळू लागले, म्हणून हे लिहीत आहे. मुक्त परवान्याखालील व्याख्याने आणि इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावरील जुने माहितीपट मी बरेच महिने याच पद्धतीने पाहतो: टॉरंट जोडायचे, क्रमाने डाउनलोड करण्याचा पर्याय निवडायचा आणि अर्धवट फाइल प्लेअरमध्ये उघडायची. क्लायंट (टॉरंट उतरवणारा प्रोग्राम) कसा बसवायचा हे वाचकांना ठाऊक असेलच.

सीजीनॅटकडे वळण्यापूर्वी एक जुनी तक्रार नोंदवतो, कारण ती मला इतर सर्व दोषांपेक्षा अधिक छळते. क्लायंट मला टक्केवारी दाखवतो, वेग दाखवतो, सीडर (पूर्ण फाइल असलेले) आणि पीअर (देवाणघेवाण करणारे इतर वापरकर्ते) यांची संख्याही दाखवतो. परंतु मी जिथे पाहत आहे तिथून पुढे सलग किती मिनिटांचा व्हिडिओ तयार आहे, हे मात्र कुठेही सांगत नाही. पाहणाऱ्याला नेमका हाच आकडा हवा असतो. सेकंदाला 2 मेगाबिट दराचा व्हिडिओ घेतला, तर त्याला सेकंदाला सुमारे 250 किलोबाइट लागतात, म्हणजे 4 मेगाबाइटचा एक तुकडा 16 सेकंदांचा झाला. तुकडा पूर्ण आल्याशिवाय त्याचा एसएचए-1 हॅश (तुकडा जसाच्या तसा आला का हे ओळखण्याची खूण) तपासता येत नाही आणि तपासल्याशिवाय तो प्लेअरच्या हाती पडत नाही. त्या तुकड्यातील शेवटचा 1 मेगाबाइट सेकंदाला 25 किलोबाइट देणाऱ्या पीअरकडे अडकला, तर 40 सेकंद चित्र थिजते. त्याच वेळी पुढचे तुकडे इतरांकडून भराभर येत असल्यामुळे वेगाचा आकडा मात्र ऐटीत वर चढलेला दिसतो. टॉरंटमागचे तंत्र असलेल्या बिटटॉरंटच्या दुसऱ्या आवृत्तीत 16 किलोबाइटच्या ठोकळ्यापर्यंत पडताळणी करता येते, पण माझ्या वाट्याला येणारी बहुतेक टॉरंट्स पहिल्याच आवृत्तीची आहेत. तुकड्यांची रंगीत पट्टी असते, हे खरे. परंतु तिच्यावरून मिनिटांचा अंदाज बांधत बसणे हे माझे काम नव्हे.

एमपी4 फाइलची अनुक्रमणिका पुष्कळदा शेवटी असते, त्यामुळे पहिला आणि शेवटचा तुकडा आधी घेण्याची खूण केली नाही, तर अर्धी फाइल येऊनही प्लेअर ती उघडत नाही. ही खूण मला प्रत्येक टॉरंटला वेगळी करावी लागते.

क्रमाने डाउनलोड करण्याविषयी माझे मत मधल्या काळात बदलले आहे. ब्रॅम कोहेन यांनी 2001 मध्ये बिटटॉरंट आणले. त्यात जो तुकडा सर्वांत दुर्मीळ तो आधी मागायचा, ही त्याची रीत आहे, कारण त्यामुळे प्रत्येकाकडे इतरांना देण्यासारखे काहीतरी वेगळे राहते. सगळेच क्रमाने मागू लागले, तर पुढे असलेल्याला मागच्याकडून काहीच मिळण्यासारखे उरत नाही आणि देवाणघेवाणीचा पायाच खचतो. म्हणून हा पर्याय म्हणजे निव्वळ आप्पलपोटेपणा, असे मी मानत असे. पूर्ण फाइल असलेले सीडर मुबलक असतील तर या आक्षेपात फारसा दम राहत नाही, हे वापरातून दिसले. सीडर कमी असतील तेव्हा मात्र तो पुरेपूर खरा ठरतो. मूळ रचनेत देण्याघेण्याचा फेरविचार दर 10 सेकंदांनी होतो आणि अनोळखी पीअरला संधी 30 सेकंदांनी एकदा मिळते. रिकाम्या हाताने आलेल्या प्रेक्षकाला ही प्रतीक्षा फार लांब वाटते.

आता सीजीनॅट. त्यात अनेक ग्राहक एकच सार्वजनिक आयपीव्ही4 (जुन्या पद्धतीचा इंटरनेट) पत्ता वाटून घेतात, त्यामुळे राउटरवर पोर्ट (जोडणी आत येण्याचा क्रमांकित मार्ग) उघडूनही बाहेरून येणारी जोडणी माझ्यापर्यंत पोहोचत नाही. मी इतरांकडे जाऊ शकतो, पण तेही तसेच आडोशामागे असतील तर सहसा आमची गाठ पडत नाही. मोठ्या स्वॉर्ममध्ये (एकाच टॉरंटची देवाणघेवाण करणाऱ्यांच्या समूहात) हा फरक जाणवत नाही. मोजके सीडर असलेल्या जुन्या माहितीपटात मात्र यादीत सीडर दिसतात आणि प्रत्यक्षात एखादाच जोडला जातो. पुरवठादाराच्या ग्राहक सेवेला मी हे लेखी कळवले, तेव्हा त्यांनी प्रत्येक वेळी वेगचाचणीचे चित्र मागितले. ती चाचणी जवळच्या सशक्त सर्व्हरशी होते आणि तिच्यात माझी जोडणी निर्दोषच दिसते, हे कितीही समजावले तरी तक्रार ‘निवारण झाले’ असा शेरा मारून बंद होत राहिली. अखेरीस दरमहा जादा शुल्क भरून सार्वजनिक पत्ता घेण्याचा सल्ला मिळाला. जे कालपर्यंत त्याच पैशांत मिळत होते, त्यासाठी वेगळे पैसे देण्याची माझी तयारी नाही.

अनपेक्षित आनंद मिळाला तो राउटरच्या एका दुर्लक्षित पानावर: आयपीव्ही6 (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) आधीपासूनच चालू होते आणि ग्राहक सेवेतील एकानेही त्याचा उल्लेख केला नव्हता. तिथे पत्ता वाटून घेण्याचा प्रश्नच नसतो. राउटरच्या फायरवॉलमध्ये क्लायंटचा पोर्ट उघडला आणि बाहेरून जोडण्या येऊ लागल्या. त्याचा लाभ आयपीव्ही6 असलेल्या पीअरपुरताच आहे आणि पुरवठादाराने प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) बदलला की नियम पुन्हा लिहावा लागतो, तरीही अडखळणे निम्म्याहून कमी झाले. त्याच सुमारास अपलोडला क्षमतेच्या सुमारे 80 टक्क्यांची मर्यादा घातली. अपलोडची वाट तुंबली की डाउनलोडच्या पोचपावत्याही अडकतात, त्यामुळे ही मर्यादा डाउनलोडच्याही हिताची आहे. ती याहून खाली नेणे मला पटत नाही, कारण घेणाऱ्याने द्यायलाही हवे.

लिबटॉरंट या सॉफ्टवेअर लायब्ररीत (क्लायंट बनवण्यासाठीच्या तयार कोडच्या संचात) प्रत्येक तुकड्याला मुदत लावण्याची सोय आहे. मुदत जवळ आली की तो चपळ पीअरकडून मागवला जातो आणि उशीर होत असल्यास दुसऱ्याकडूनही मागितला जातो. तिचा उपयोग करणारा दुसरा क्लायंट मी हल्ली वापरतो आणि पुढे उडी मारल्यावरचा थांबा त्यात स्पष्टपणे कमी आहे. पाठीशी सर्व्हर असेल तर काम आणखी सोपे होते: स्पॉटिफाय या संगीतसेवेने 2014 पर्यंत डेस्कटॉपवर पीअर-टू-पीअर वापरले, तेव्हा गाण्याचा आरंभ सर्व्हरकडून आणि उरलेला भाग शक्य तितका पीअरकडून, अशी विभागणी होती. 2010 च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार वाजवलेल्या संगीताच्या डेटापैकी सर्व्हरकडून आलेला वाटा जेमतेम 9 टक्के होता. इंटरनेट आर्काइव्हच्या टॉरंट्सना वेब सीड (फाइल पुरवणारा साधा वेब सर्व्हर) असते, म्हणून ती पीअर नसतानाही चालतात. जिथे असा आधार नाही आणि जोडलेले सीडर दोन-तीनच आहेत, तिथे मी थेट पाहण्याचा हट्ट सोडून फाइल रात्रभर दुर्मीळ-आधी पद्धतीने उतरवू देतो. नव्या क्लायंटमध्येही सलग मिनिटांचा आकडा नाहीच. त्यासाठीची मागणी मी त्याच्या विकसकांकडे नोंदवली आहे.