कोल्हापूर की इंदूर? जोडून सुट्टी आली तर

जोडून सुट्टी आली की आमच्या घरात हा प्रश्न हमखास निघतो. मुंबईहून दोन्हीकडे रात्रीची गाडी आहे, कोल्हापूरला महालक्ष्मी एक्स्प्रेस आणि इंदूरला अवंतिका. रात्री बसायचं, सकाळी उतरायचं. दोन्ही जुनी संस्थानं, दोन्ही खाण्यासाठी नावाजलेली. पण एकाची तहान दुसऱ्यावर भागत नाही. कोल्हापूर पहाटे उठतं, इंदूर रात्री जागतं. त्यामुळे सुट्टीत तुम्ही लवकर उठता की उशिरा झोपता, हे आधी ठरवा.

कोल्हापुरात मी सामान टाकून सरळ अंबाबाईच्या देवळात जातो. दर्शन झालं की भवानी मंडप आणि तिथून खासबाग मैदान, सगळं पायी. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेलं हे मैदान वाडग्यासारखं खोलगट आहे. मधोमध आखाडा, भोवती चढत गेलेल्या पायऱ्या. कुस्ती नसली तरी घटकाभर बसावं. शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला २०२४ च्या ऑगस्टमध्ये आग लागली, तेव्हा अनेक कोल्हापूरकरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग मिसळ. इथे मिसळीबरोबर पावाऐवजी बऱ्याचदा स्लाइस ब्रेड येतो आणि कट हवा तेवढा मागून घ्यायचा. जेवायला तांबडा-पांढरा. कोल्हापुरी म्हणजे नुसतं जळजळीत, हा गैरसमज इथे येऊन मोडतो. पांढरा रस्सा मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ घालून करतात आणि तो चक्क सौम्य असतो. एकदा हायवेलगतच्या एका हॉटेलात लालभडक तेलाचा तवंग पिऊन पस्तावलो होतो. तेव्हापासून मी गावातल्या साध्या खानावळीतच जेवतो.

संध्याकाळ रंकाळ्यावर काढा आणि मग गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा. म्हशी रस्त्याकडेलाच उभ्या असतात. तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळ, कोमट दुधाचा पेला हातात येतो. पेल्याची ऊब तळहाताला लागते आणि वरच्या ओठावर फेसाची मिशी उमटते. मला विचाराल तर कोल्हापूरला जाण्यासाठी एवढं एक कारण पुरे आहे. त्यानंतर दहाच्या सुमारास अंथरूण.

इंदूरला त्याच वेळी दिवस सुरू होतो. सराफ्यातली सोन्याचांदीची दुकानं मिटली की त्यांच्याच ओट्यांसमोर कढया चढतात आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. भुट्टे का कीस म्हणजे किसलेला मका तुपावर परतून दुधात शिजवलेला. थंडीत गेलात तर गराडू, म्हणजे कंदाच्या तळलेल्या फोडी, वर लिंबू आणि मसाला. शिकंजी मागितली तर लिंबूपाणी येईल या भ्रमात राहू नका. इथली शिकंजी दाट, दुधाची, सुकामेव्याची असते. एका पदार्थाची एकच प्लेट चौघांत घ्या, नाहीतर तिसऱ्या गाडीवरच पोट हात टेकतं.

सकाळी पोहे-जिलबी. आपण कांदा फोडणीत परततो, तिथे तो कच्चाच वरून भुरभुरतात. पोह्यांत बडीशेप, वर शेव आणि जिरावण मसाला. पातेलं उकळत्या पाण्यावर ठेवलेलं असल्याने पोहे मऊसूत राहतात. घरी आल्यावर आम्ही हा प्रयोग केला आणि आता दर रविवारी तसेच पोहे होतात.

दुपारी राजवाडा बघा. सात मजली, खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. जवळच कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आणि काच मंदिर. होळकरांमुळे इथे मराठी माणसं पिढ्यान्पिढ्या आहेत. त्यांच्या मराठीत हिंदी अशी मुरलेली असते की ऐकत बसावंसं वाटतं. तिसरा दिवस हाताशी असेल तर तो अहिल्याबाईंच्या महेश्वरला द्या, साधारण ९० किलोमीटर. नर्मदेच्या घाटावर संध्याकाळ करूनच परता. हे जमणार नसेल तर इंदूर पुढच्या सुट्टीसाठी ठेवा, कारण दोन दिवसांत ते उरकल्यासारखं होतं. कोल्हापूरला मात्र दोन दिवस भरपूर होतात, पन्हाळा धरूनसुद्धा. तो तर २० किलोमीटरवरच आहे.

आई-वडील बरोबर असतील तर मी डोळे मिटून कोल्हापूर सांगेन. अंतरं छोटी, रिक्षा पटकन मिळते, रात्र लवकर संपते. घरात सगळे शाकाहारी असतील तर इंदूर, कारण सराफ्यात कुठल्याही गाडीवर न विचारता हात पुढे करता येतो. कॉलेजातली पोरं असतील तरी इंदूरच, आणि जमलं तर रंगपंचमीला, गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघते तेव्हा. खरेदीचं म्हणाल तर चप्पल आणि साज कोल्हापूरचा, शेव-नमकीन इंदूरचं.

येत्या थंडीत आमचं इंदूर ठरलंय. गराडू त्याच दिवसांत मिळतो आणि आईने या वेळी महेश्वरचा हट्ट धरलाय.